पानिपत होणे

(गावांची नावे केवळ नकाशावरच असतात असे नाही. काही गावे भाषेतही जाऊन बसतात. अशाच एका गावाच्या नावाचा मराठीत वाक्प्रचार कसा झाला, त्याचा अर्थ काय आणि तो कसा वापरावा, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, निवडणुकीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशीचे मराठी वर्तमानपत्र उघडून पाहा. एखाद्या बातमीवर मोठ्या अक्षरांत मथळा असतो, ‘जिल्ह्यात पक्षाचे पानिपत’. क्रिकेटचा सामना वाईट रीतीने हरला, तर खेळाच्या पानावरही तोच शब्द दिसतो, ‘भारतीय फलंदाजीचे पानिपत’.

तुम्ही उर्दू माध्यमात शिकता. पानिपत हे नाव तुम्हांला नवीन नाही. उर्दूचे मोठे कवी आणि समीक्षक मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांचा जन्म १८३७ साली पानिपतला झाला. १९१४ मध्ये त्यांचे निधनही तेथेच झाले. म्हणून पानिपत म्हटले की तुमच्या मनात हालींचे गाव येईल. आता त्या गावाचे नाव घेऊन ‘पक्षाचे पानिपत झाले’ असे म्हणण्याचा अर्थ काय? पक्ष त्या गावाला गेला का? फलंदाज तेथे जाऊन राहिले का?

मुळीच नाही. ‘पानिपत होणे’ हा मराठीतील एक वाक्प्रचार आहे. उर्दूत ज्याला आपण मुहावरा म्हणतो, त्यालाच मराठीत वाक्प्रचार म्हणतात. वाक्प्रचारातील शब्दांचा सरळ अर्थ घेऊन चालत नाही. ‘पोटात कावळे ओरडणे’ म्हणजे फार भूक लागणे. तेथे खरे कावळे नसतात. त्याचप्रमाणे ‘पानिपत होणे’ म्हणजे पूर्ण पराभव होणे, दाणादाण उडणे, सर्वनाश होणे.

पण एवढा अर्थ पाठ केला की काम संपले, असे समजू नका. कावळ्यांचा वाक्प्रचार कोणी तरी गमतीने तयार केला असेल. पानिपतचा वाक्प्रचार गमतीने तयार झालेला नाही. त्याच्यामागे हजारो घरांतील रडणे आहे.

इतर भाषांतील भाऊबंद

गावाच्या नावाचा असा उपयोग फक्त मराठीतच होतो असे नाही. इंग्रजी भाषेत वॉटर्लू या गावाचे नाव अशाच रीतीने वापरतात. वॉटर्लू हे युरोपात बेल्जियम देशातील एक लहानसे गाव आहे. १८ जून १८१५ रोजी तेथे नेपोलियन या फ्रान्सच्या बादशहाचा पराभव झाला. त्याआधी त्याने युरोपातील अनेक राजांना नमवले होते. वॉटर्लूनंतर मात्र तो पुन्हा उठला नाही. इंग्रजांनी त्याला सेंट हेलेना या दूरच्या बेटावर कैदेत ठेवले आणि तेथेच १८२१ मध्ये तो मरण पावला. तेव्हापासून, नेहमी जिंकणाऱ्या माणसाला शेवटी कायमचा हरवणारा प्रसंग आला, की ‘त्याला त्याचे वॉटर्लू भेटले’ असे इंग्रजीत म्हणतात.

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची वाटते ना? पण वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्या इंग्रज सेनापतीचे नाव होते वेलिंग्टन. हाच वेलिंग्टन तरुणपणी आर्थर वेलस्ली या नावाने आपल्या मराठवाड्यात लढला होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई या गावाजवळ, त्याने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला होता.

उर्दूतही गावाच्या नावावरून झालेली एक प्रसिद्ध कहावत आहे. ‘हनोज दिल्ली दूर अस्त’ हे फारसी वाक्य तुम्ही ऐकले असेल. सुलतान गयासुद्दीन तुघलक दिल्लीला परतत असता हजरत निजामुद्दीन औलिया यांनी हे उद्गार काढले, अशी कथा सांगतात. सुलतान १३२५ मध्ये दिल्लीच्या वेशीपाशी येऊनही शहरात पोहोचला नाही. वाटेतच त्याचा मृत्यू झाला. काम अजून पुरे व्हायचे आहे, हे सांगण्यासाठी ‘दिल्ली अभी दूर है’ असे मराठी माणूसही सहज म्हणतो.

अटकेपासून पानिपतपर्यंत

आता पानिपतची हकिकत पाहू. पानिपत हे शहर आज हरियाणा राज्यात आहे. ते दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर आहे. तेथे तीन मोठ्या लढाया झाल्या. पहिली १५२६ मध्ये बाबर आणि इब्राहिम लोदी यांच्यात, दुसरी १५५६ मध्ये अकबराची फौज आणि हेमू यांच्यात, आणि तिसरी १४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशाह अब्दाली आणि मराठे यांच्यात. मराठी वाक्प्रचार या तिसऱ्या लढाईतून जन्मला आहे.

या लढाईच्या तीनच वर्षे आधी, १७५८ मध्ये, मराठ्यांच्या फौजा पंजाबातून सिंधू नदीकाठच्या अटक किल्ल्यापर्यंत पोहोचल्या होत्या. त्या पराक्रमावरून ‘अटकेपार झेंडा लावणे’ हा वाक्प्रचार तयार झाला. त्याचा अर्थ फार मोठा पराक्रम करणे. म्हणजे पाहा, तीन वर्षांत मराठीला गावांच्या नावांचे दोन वाक्प्रचार मिळाले. एक विजयाचा आणि एक पराभवाचा!

पानिपतला जाणारी फौज मराठवाड्यातूनच निघाली होती. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर येथे पेशव्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ यांनी निजामाचा पराभव केला. त्यानंतर मार्च महिन्यात, आजच्या जालना जिल्ह्यातील परतूर येथून, भाऊ उत्तरेकडे निघाले. त्यांच्याबरोबर नानासाहेब पेशव्यांचे अठरा वर्षांचे पुत्र विश्वासराव होते. फौजेबरोबर बायकामुले आणि काशी, मथुरेला जाऊ इच्छिणारे यात्रेकरूही होते.

ऑगस्टमध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली. पण ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने यमुना नदी ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता अडवला. मग सुमारे अडीच महिने दोन्ही फौजा पानिपतजवळ समोरासमोर तळ देऊन राहिल्या. मराठ्यांची रसद बंद झाली. धान्य संपले, चारा संपला. उत्तरेकडची थंडी दक्षिणेतल्या माणसांना सोसवेना. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे शेवटी सर्वांनी ठरवले.

१४ जानेवारीला सकाळी लढाई सुरू झाली. दुपारपर्यंत मराठ्यांचा जोर होता. पण दुपारी विश्वासरावांना गोळी लागली आणि ते पडले. भाऊ शत्रूच्या गर्दीत घुसले आणि तेही मारले गेले. नेता दिसेनासा झाल्यावर फौज फुटली. संध्याकाळ होण्याच्या आत सगळा खेळ संपला. जे पळून सुटले, त्यांतील पुष्कळांना भरतपूरचा राजा सूरजमल जाट याने अन्न, वस्त्र व आसरा दिला.

बातमी आली, शब्द राहिले

त्या काळी तार नव्हती, टेलिफोन नव्हता. नानासाहेब पेशवे मदत घेऊन उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या हाती एका सावकाराचे पत्र पडले, असे इतिहासाच्या पुस्तकांत सांगितले आहे. सावकाराने सरळ बातमी लिहिली नव्हती. दोन मोती विरघळले, काही मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याची नाणी किती गेली याची मोजदाद नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार. नाणी म्हणजे साधे शिपाई. दुःख इतके मोठे होते की ते सरळ शब्दांत लिहिणे त्या माणसाला जमले नसावे. त्याच वर्षी २३ जूनला पुण्यात पर्वतीवर नानासाहेबांचे निधन झाले.

महाराष्ट्रातील किती तरी घरांतून माणूस गेला होता. ‘आमचे सारे पानिपतात गेले’ असे एकाने म्हणावे, दुसऱ्याने मान हलवावी, असे बोलता बोलता गावाचे नाव हेच दुःखाचे नाव झाले. पुढे प्रत्यक्ष लढाई पाहिलेली माणसे गेली, पण शब्द राहिला.

याच लढाईने मराठीला आणखी एक शब्द दिला. तो शब्द म्हणजे ‘भाऊगर्दी’. आज ‘तिकिटासाठी इच्छुकांची भाऊगर्दी’ असे आपण वाचतो. तेथे भाऊगर्दी म्हणजे रेटारेटी, खूप माणसे. अनेकांना वाटते की ही भावाभावांची गर्दी असेल. पण यातील भाऊ म्हणजे सदाशिवराव भाऊ. आणि ‘गर्दी’ हा शब्द तर तुमच्या ओळखीचा आहे. आवारागर्दी, दहशतगर्दी या शब्दांत तो येतो. १७३९ मध्ये इराणच्या नादिरशाहने दिल्ली लुटली. त्या लुटालुटीवरून उर्दूत ‘नादिरगर्दी’ हा शब्द आला. जुन्या मराठीतही गर्दी म्हणजे केवळ पुष्कळ माणसे नव्हेत, तर कापाकापी आणि गोंधळ. नादिरगर्दी आणि भाऊगर्दी हे दोन शब्द एकाच घडणीचे आहेत. उर्दू जाणणाऱ्या मुलाला हा शब्द मराठी मुलापेक्षाही लवकर उमगेल!

कोण कोणाच्या बाजूने लढले?

पानिपतची लढाई ही दोन धर्मांची लढाई होती, असे कधी कधी कोणी म्हणतो. वर्गात किंवा मैदानावर कोणी तुम्हांला तसे बोलूनही दाखवील. अशा वेळी रागावू नका आणि गप्पही बसू नका. त्याला पुढील माहिती सांगा.

मराठ्यांच्या तोफखान्याचे प्रमुख इब्राहिमखान गारदी होते. फ्रेंचांच्या पद्धतीने शिकलेले कवायती पायदळ त्यांच्या हाताखाली होते. पूर्वी ते निजामाच्या नोकरीत होते, नंतर मराठ्यांकडे आले. पानिपतच्या दिवशी त्यांच्या तोफांनी आणि संगिनींनी रोहिल्यांची फळी मोडली. त्यांचे बहुतेक शिपाई कामास आले. ते स्वतः जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले आणि मारले गेले. त्यांनी शेवटपर्यंत मराठ्यांची बाजू सोडली नाही. बाजीराव आणि मस्तानी यांचे पुत्र समशेर बहादूर हेही मराठ्यांकडून लढले आणि जखमा होऊन मरण पावले.

आता दुसरी बाजू पाहा. अब्दालीला अवधचा नवाब शुजाउद्दौला मिळाला होता. नवाबाच्या फौजेत अनूपगिरी, उमरावगिरी या गोसाव्यांची पथके होती. नवाबाच्या पदरी काशीराज पंडित नावाचे एक मराठी ब्राह्मण कारकून होते. त्यांनी लढाईची हकिकत पुढे फारसी भाषेत लिहून ठेवली. पानिपतविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातील बरेच त्यांच्या लिखाणातून आले आहे.

आणखी एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. लढाईतून निसटताना महादजी शिंदे यांच्या पायाला जबर जखम झाली. ते रस्त्याच्या कडेला पडले होते. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना पाहिले. भिस्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा. त्याने जखमी महादजींना आपल्या पखालीच्या बैलावर घातले आणि सुरक्षित जागी नेले, असे सांगतात. महादजी त्याला विसरले नाहीत. पुढे त्यांनी राणेखानाला सरदार केले आणि ते त्याला भाई म्हणत असत.

‘पानिपत होणे’ या दोन शब्दांत फक्त पराभव आहे. राणेखानाचा बैल त्यात नाही. सूरजमलची भाकरी त्यात नाही. वाक्प्रचार लहान असतो, त्यात सर्व गोष्टी मावत नाहीत. म्हणून त्याच्यामागची हकिकत वाचावी लागते.

पानिपतनंतर काय झाले?

वाक्प्रचार आणखी एक गोष्ट विसरला आहे. पानिपतने सर्व काही संपले नाही. ते कसे, हे पाहण्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात जाऊ या. या तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. याच तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन हे गाव आहे. शनीच्या मंदिरामुळे ते नाव अनेकांना माहीत असते. पण चकलांब्याच्या मुलांनी त्या गावाची दुसरी ओळखही लक्षात ठेवावी.

पानिपतच्या पराभवानंतर पेशवाई कमजोर झाली असे पाहून निजाम अलीने उचल खाल्ली. १७६३ मध्ये त्याच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. तेव्हा पेशवे होते विश्वासरावांचे धाकटे भाऊ माधवराव. त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. थोरला भाऊ ज्या वयात पानिपतला पडला, त्याच वयात धाकट्यावर ही वेळ आली.

१० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला गाठ पडली. दिवस पावसाळ्याचे होते. गोदावरी भरून वाहत होती. निजाम नदी ओलांडून पलीकडे गेला होता आणि त्याच्या फौजेचा मोठा भाग अलीकडे राहिला होता. त्या भागाचे नेतृत्व निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर करीत होते. मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर लढता लढता मारले गेले आणि निजामाच्या फौजेचा मोड झाला. पुढे झालेल्या तहात निजामाला मोठा मुलूख पेशव्यांना द्यावा लागला. येथेही पाहा, निजामाचा दिवाण हिंदू होता. ही लढाईही राज्यांची होती, धर्मांची नव्हती.

पानिपतपासून राक्षसभुवनपर्यंत अडीच वर्षे लागली. त्यानंतर १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत शिरले. जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाह आलम त्यांच्या मदतीने दिल्लीला परत आला. या कामी पुढाकार होता तो जखमी पायाच्या महादजी शिंदे यांचा.

म्हणून वॉटर्लू आणि पानिपत यांत थोडा फरक आहे. इंग्रजीत ज्याला वॉटर्लू भेटले, तो कायमचा संपला. मराठीत ज्याचे पानिपत झाले, त्याचे नुकसान मोठे झाले, पण त्याच्यापुढे राक्षसभुवन असू शकते. गंमत अशी, की राक्षसभुवनवरून मराठीत वाक्प्रचार झाला नाही. माणसे दुःखाची आठवण ठेवतात, सावरल्याची आठवण ठेवायला विसरतात.

वाक्प्रचार कसा वापरावा?

‘पानिपत होणे’ वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली गोष्ट व्याकरणाची. ज्याचा पराभव झाला, त्याच्या नावाला ‘चे’ हा प्रत्यय लागतो. उदाहरणार्थ, ‘अंतिम सामन्यात आमच्या संघाचे पानिपत झाले.’ हरवणाऱ्याकडून सांगायचे असेल, तर ‘करणे’ हे क्रियापद येते. उदाहरणार्थ, ‘त्यांच्या गोलंदाजांनी आमच्या संघाचे पानिपत केले.’

दुसरी गोष्ट अर्थाची. लहानशा अपयशाला हा वाक्प्रचार लावू नये. एका गुणाने नंबर हुकला, तर ते पानिपत नव्हे. सारी तयारी, सारे बळ पणाला लावूनही सर्व काही हातचे गेले, तरच पानिपत म्हणावे. मोठा शब्द लहान जागी वापरला, की त्याचे वजन जाते.

आज पानिपत हे हातमाग, चादरी आणि ब्लँकेट यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथल्या माणसाला ‘पानिपत’ म्हटले की आपले घर, आपली गल्ली आठवते. मराठी माणसाला एक काळा दिवस आठवतो. उर्दू वाचकाला हाली आठवतात. नाव एकच, पण प्रत्येक भाषेने त्यात आपली आठवण ठेवली आहे. तुम्ही दोन भाषा शिकत आहात, तेव्हा तुमच्याजवळ या दोन्ही आठवणी असणार आहेत.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘पानिपत होणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ काय?
(आ) मौलाना हाली यांचा जन्म कोठे झाला?
(इ) राक्षसभुवनची लढाई कोणत्या तारखेला झाली?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘भाऊगर्दी’ आणि ‘नादिरगर्दी’ या शब्दांत कोणते साम्य आहे?
(आ) पानिपतची लढाई दोन धर्मांची नव्हती, हे कशावरून कळते?
(इ) वॉटर्लू आणि पानिपत यांच्या अर्थांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
पानिपत होणे, अटकेपार झेंडा लावणे, दाणादाण उडणे.

४. उपक्रम : गावाच्या किंवा शहराच्या नावावरून तयार झालेले उर्दू आणि मराठी वाक्प्रचार किंवा म्हणी घरातील मोठ्या माणसांना विचारून गोळा करा आणि वर्गात त्यांचे अर्थ सांगा.